सोसायटीत सिंकिंग फंड सुरू करताना: जुळे सोलापुरातला अनुभव

आमच्या 16 फ्लॅटच्या सोसायटीत मोटर जळली की वर्गणी, लिफ्ट अडकली की वर्गणी, असाच कारभार होता. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड. आलं की टाकी भरेपर्यंत मोटरला दम नसतो, वाइंडिंग जळणारच. शेवटी सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठी राखून ठेवायचा निधी) आणि दुरुस्ती निधी, हे दोन्ही उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे लावायचे ठरले.

आदर्श उपविधीत दर स्पष्ट आहेत: सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के, दुरुस्ती व देखभाल निधी किमान 0.75 टक्के. बहुतेक जण इथेच खरेदीखतावरची किंमत धरतात आणि आकडा फुगतो. जागेची किंमत वगळायची असते. आम्ही आर्किटेक्टकडून बांधकामाचा दर लेखी घेतला. एक फ्लॅट 900 चौरस फूट, दर चौरस फुटाला 1,800 रुपये, म्हणजे खर्च 16,20,000. सिंकिंग फंड वर्षाला 4,050, दुरुस्ती निधी 12,150. मिळून महिना 1,350 रुपये. सरसकट सारखी रक्कम लावू नका, छोट्या फ्लॅटवाल्यांची तक्रार रास्तच असते.

हे सर्वसाधारण सभेत मंजूर करायचं होतं. सभेची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यातली कमी संख्या. आम्हाला 11 सभासद लागले. खरा वाद गच्चीवरून झाला. उन्हाळ्यात स्लॅब तापून भेगा पडतात, पहिल्या पावसात वरच्या मजल्याचं छत ओलं. "गच्ची वरच्यांची, खर्चही त्यांचाच," असं खालचे म्हणाले. उपविधी वाचून दाखवल्यावर विषय मिटला: पावसाची गळती आणि त्याने निघालेलं छताचं प्लास्टर सोसायटीच्या खर्चात येतं, घरातल्या नळ-संडासाची गळती ज्याची त्याने बघायची.

मोटर, रंग, लिफ्टची किरकोळ कामं दुरुस्ती निधीतून. सिंकिंग फंडाला हात लावायचा तो आर्किटेक्टने प्रमाणित केलेल्या मोठ्या दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठी, तोही सभेच्या ठरावानेच. 25 सभासदांपर्यंतच्या सोसायटीत समितीला दुरुस्तीवर एका वेळी 25,000 रुपयांपर्यंतच परस्पर खर्च करता येतो.

बिलात दोन्ही रकमा वेगळ्या ओळीत छापा, 'मेंटेनन्स' म्हणून एकत्र नको. थकबाकीवर नियमातल्या मर्यादेपर्यंत सरळ व्याज लावता येतं, मात्र दराचा ठराव आधी हवा. सिंकिंग फंडाची एफडी सोसायटीच्या नावावर. बँक व्याजदर बघून नव्हे, सहकार कायद्याचं कलम 70 (सोसायटीने पैसे कुठे गुंतवायचे ते सांगणारं) बघून निवडा. फॉर्मवर व्याज मुदतीअखेर मुदलातच जमा करायचा पर्याय घ्या. तिमाही व्याज बचत खात्यात आलं, की ते जिन्यातल्या दिव्यांच्या बिलात कधी जिरतं, ऑडिटरलाच कळतं.