हिरव्या दाढीचं काय?

गणपतीत आमच्या ओटीवर आलेला माणूस आधी देवाला हात जोडतो, प्रसाद तोंडात टाकतो आणि मग कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटाकडे वळतो. पुढचा प्रश्न ठरलेला. ‘काका, याची दाढी हिरवी कशी?’ यंदा तुम्हीही तेच विचारलंत, वर म्हणालात, ‘काळे ठोकळे संपले होते काय?’ आरती सुरू व्हायची होती, म्हणून मी नुसता हसलो. पण तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगतो.

ज्यांनी कपाट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी चौलचा. वाडीत सुपारी, नारळ. उरलेल्या वेळात, आणि पावसाळ्यात वेळ उरतोच, मी लेगोच्या ठोकळ्यांतून जुन्या काळचे सैनिक बनवतो. बाजारातल्या संचातले नाहीत, सुटे तुकडे जमवून माझे मी जोडलेले. हिरव्या दाढीवाला त्यातला धनुर्धारी. शेजारी उभा आहे तो भाला आणि लांब ढाल घेतलेला त्याचा सोबती.

दाढी माझी नाही, नीआर्खसची आहे. हा अलेक्झांडरचा आरमारप्रमुख. इ.स.पू. ३२५ मध्ये सिंधूच्या मुखापासून इराणच्या आखातापर्यंत जहाजं घेऊन गेला तो. त्याचं स्वतःचं लिखाण आज हाती नाही, पण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आरियन या ग्रीक इतिहासकारानं ‘इंडिका’ लिहिताना त्यातलं पुष्कळ उचललं. त्यात म्हटलंय की हिंदुस्थानातले लोक दाढ्या रंगवतात. कोणी पांढरीशुभ्र, कोणी लाल, कोणी जांभळी, कोणी गवतासारखी हिरवी. आता तुम्हीच सांगा, एवढा मजकूर वाचल्यावर काळी दाढी बसवायला हात धजेल का? तरी मी दोघांपैकी एकालाच रंगवली. नीआर्खस सगळ्या लोकांबद्दल बोलतोय, शिपायांचं वेगळं काही सांगत नाही. सगळी पलटण हिरवी केली असती तर तो चावटपणा झाला असता.

लहानपणी आम्ही दिवाळीत अंगणात किल्ला करायचो. बुरुजाहून उंच मावळा, त्याच्या शेजारी मावळ्याहून मोठी गवळण, पायथ्याशी प्लॅस्टिकचा वाघ आणि एक शिट्टी वाजवणारा ट्रॅफिक हवालदार. कोणाचं काही अडलं नाही. मग म्हातारपणी हा बरोबर-चूकचा सोस कुठून आला, असं आमच्या घरातही विचारतात. याला कारण ठोकळाच आहे.

कागदावर माणूस सहज निसटतो. ‘सैनिकांकडे बैलाच्या चामड्याच्या ढाली होत्या’ असं लिहिलं की वाक्य पुरं झालं. ठोकळे हातात घेतलेत की ते विचारतात, ढाल किती उंच? किती रुंद? रंग कोणता? तुकडा बसवायचा म्हणजे कुठल्या तरी रंगाचाच बसवावा लागतो. बिनरंगाचा ठोकळा मिळत नाही. पारदर्शक मिळतो, पण पारदर्शक ढाल घेऊन लढायला कोण जाईल?

सुरुवात मी लेगोच्या नेहमीच्या छोट्या माणसांपासून केली. १९७८ पासून तो आहे तसाच आहे, उंची जेमतेम ४ सेंटिमीटर, डोकं अंगाच्या मानानं भलं मोठं आणि गुडघा नावाचा प्रकार नाही. रोमन शिपाई म्हणून तो शोभतो. चौकोनी ढाल पुढे धरून ताठ उभं राहायचं, एवढंच काम. कंपनीनं स्वतःच २०१२ मध्ये असा एक काढला होता. आमच्या धनुर्धाऱ्याला मात्र गुडघ्यावाचून चालत नाही, का ते पुढे येईल. म्हणून मी एकास आठ असं प्रमाण धरलं. माणूस पाच फूट सात इंच धरला तर ठोकळ्यांतला २१ सेंटिमीटरचा होतो. ठोकळ्यावरच्या दोन बटणांमधलं अंतर ८ मिलिमीटर, म्हणजे खऱ्या माणसाच्या अंगावरचे साधारण साडेसहा सेंटिमीटर. यात खांदे, कोपरं, गुडघे सगळं जमतं. पातळ पट्टी ३.२ मिलिमीटर जाडीची असते आणि अशा पाच पट्ट्यांची चळत बरोबर दोन बटणांच्या रुंदीएवढी भरते. हे एकदा डोक्यात बसलं की ठोकळे आडवे, उलटे, कसेही लावता येतात. दाढी तशीच आडव्या तुकड्यांची आहे. उतरत्या काठाचे तीन हिरवे तुकडे, बस्स.

मग आरियनची मापं काढली. धनुष्य माणसाएवढं लांब, म्हणजे २१ सेंटिमीटर. बाण जवळजवळ तीन हात, इथे हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, म्हणून आमच्या प्रमाणात १७ सेंटिमीटरच्या आसपास. रुंद पात्याची तलवारही तीन हातांहून कमी नाही. तीही मी पुरती १७ केली, तर पाहुण्यांपैकी एक इंजिनियर म्हणाले, ‘काका, तुमचं प्रमाण चुकलंय.’ चुकलेलं नाही. जवळून लढायची पाळी आली, आणि ती त्यांना फारशी आवडत नसे, तर ती तलवार दोन्ही हातांनी खाली आणायचे असं तिथे स्पष्ट आहे. ढाल धरणाऱ्यापेक्षा अरुंद, पण उंचीला त्याच्याहून फारशी कमी नाही. म्हणून भालेकऱ्याची ढाल सहा बटणं रुंद आणि १९ सेंटिमीटर उंच आहे. भाचा तिला दरवाजा म्हणतो.

कपड्यांत फार अडलं नाही. नीआर्खस सांगतो, पोटरीच्या मध्यापर्यंत येणारा पांढरा अंगरखा, एक वस्त्र काही खांद्यावर, काही डोक्याभोवती. आणि हे कापड इतर कुठल्याही कापडापेक्षा पांढरं, की लोक सावळे म्हणून ते तसं दिसतं, अशी शंकाही त्यानं काढून ठेवलीये. माझ्या पांढऱ्या ठोकळ्यांना दोन उन्हाळे खिडकीतलं ऊन लागलं आणि ते मांजरपाटासारखे पिवळट झाले. बघणारे म्हणतात, वा, अगदी जुनं दिसतंय. जुनं दिसतंय खरं, पण चूक दिसतंय. कपाट आता आतल्या भिंतीला आहे. पांढऱ्या चामड्याच्या, उंच तळव्यांच्या जोड्यांचाही उल्लेख आहे, माणूस उंच दिसावा म्हणून घालायचे ते. ते मी दिले नाहीत. ज्याला पायानं धनुष्य रेटायचंय त्याला उंच तळवे कोण देईल? इथे मी माझी अक्कल चालवली आहे, तिचा दोष नीआर्खसला लावू नका.

तर धनुष्य. आरियन म्हणतो, ते जमिनीवर टेकवायचे, डाव्या पायानं रेटायचे आणि दोरी पार मागे खेचून बाण सोडायचे. वाक्य वाचायला सोपं आहे. करून बघा. धनुष्यासाठी मी लवचीक नळी वापरली, दोरीसाठी शेजारच्या कोळ्यानं गरीची तंगूस दिली. ठोकळ्यांच्या कट्टर लोकांना ती खपत नाही, बाहेरची वस्तू म्हणतात. असो. पाय उचलला की शिपाई पडायचा. आठवडाभर पडत होता. शेवटी ठोकळे ठेवले आणि वाडीतली माझ्या उंचीची बांबूची काठी, तिला सुंभ, असं घेऊन अंगणात गेलो. आषाढातलं अंगण, जांभ्यावर शेवाळ. काठीचं टोक टेकवलं, डावा पाय लावला, सुंभ ओढला, आणि काठी एकीकडे, मी दुसरीकडे. बायकोनं माजघरातून विचारलं, ‘लागलं का?’ आणि उत्तराची वाट न बघता, ‘बरं झालं.’

कंबर शेकत पडलो असताना झेलमची लढाई आठवली. इ.स.पू. ३२६, पोरस विरुद्ध अलेक्झांडर. आदल्या रात्री धो धो पाऊस आणि विजा. पोरसच्या मुलाचे रथ चिखलात रुतले हे शाळेपासून ऐकत आलोय. पण कर्टियस या रोमन इतिहासकारानं आणखी एक सांगितलंय, की जमीन निसरडी झाल्यामुळे तिरंदाजांना आपली जड धनुष्यं टेकवता येईनात. हे मी पूर्वी दोनदा वाचलं होतं. कळलं ते कंबरेला.

दुसऱ्या दिवशी धनुष्याचं खालचं टोक पाटावरच्या दोन ठोकळ्यांच्या फटीत बसवलं. शिपाई उभा राहिला. उजवा पाय, डावा पाय आणि धनुष्य, असा तिपाईसारखा. यावरून दोन हजार वर्षांपूर्वी असंच होतं असं सिद्ध होत नाही, माझा ठोकळा पडत नाही एवढंच होतं. पण तो पाय मला आता कोणी हलवायला सांगितला तर मी ऐकणार नाही.

‘मावळे का नाही करत?’ हेही विचारता तुम्ही. मावळ्यांबद्दल या गावात माझ्याहून जास्त जाणणारे डझनभर आहेत आणि त्यातले निम्मे आरतीला येतात. शिवाय चौल म्हटलं की सगळे रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटबंदीपाशी थांबतात. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या वाटाड्या पुस्तकात हे बंदर सेमिल्ला म्हणून आहे. हिंदुस्थानाकडे येणाऱ्या रोमन जहाजांवर चाच्यांच्या भीतीनं तिरंदाजांच्या तुकड्या असत, हे प्लिनी या रोमन लेखकानं लिहून ठेवलंय. वर सोपाऱ्याला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नीआर्खसनं पाहिली ती माणसं सिंधूकडची, चौलची नव्हेत, हे मला मान्य आहे. पण मौर्यांचा हुकूम या किनाऱ्यापर्यंत पोचला होता, आणि त्या काळच्या शिपायाचं इतकं बारीक वर्णन मला दुसरीकडे मिळालं नाही. जहाजावरचा तिरंदाज पुढच्या पावसाळ्यात. त्याचं धनुष्य शिंग, लाकूड आणि स्नायू सरसानं चिकटवलेलं, आमच्या दमट हवेत ते कसं टिकायचं याचीच मला काळजी.

राहिली ढाल. आरियन म्हणतो, न कमावलेल्या बैलाच्या कातड्याची. रंग सांगत नाही. आधी मी ती गडद तपकिरी केली होती, चपलेच्या रंगाची. मग शिमग्याचे ढोल मढवणाऱ्या ओळखीच्या माणसाला दाखवली. तो हसला. हा कमावलेल्या चामड्याचा रंग, म्हणाला; कच्चं कातडं वाळलं की फिकट होतं, उजेडात धरलं तर मधासारखं पिवळं दिसतं. म्हणून सध्या ढाल पिवळट आहे, पण तो ठोकळा मला जरा जास्तच पिवळा वाटतो. तो म्हणालाय, शिमगा झाला की ये, बैलाचा एखादा तुकडा मिळाला तर ठेवतो. तोवर कोणी ढालीचा रंग विचारू नका. दाढीचं खुशाल विचारा.