फटकारा दिसता कामा नये

पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आलेक्सांद्र काबानेलचे ‘व्हीनसचा जन्म’ मी अगदी जवळ जाऊन पाहिले, तेव्हा आठवली ती इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेची तयारी. शेडिंगमध्ये पेन्सिलीची एकही रेघ उरू नये म्हणून आम्ही कापसाचा बोळा घासत बसत असू, आणि ज्याचा तांब्या अधिक गुळगुळीत, त्याचे कौतुक अधिक होई. लाटेवर पहुडलेल्या या व्हीनसची कांतीही तशीच आहे. कुंचल्याचा फटकारा शोधूनही सापडत नाही.

हे चित्र १८६३ च्या सलोंमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या अधिकृत चित्रप्रदर्शनात, गाजले आणि सम्राट तिसऱ्या नेपोलियनने ते विकत घेतले. त्याच वर्षी परीक्षक मंडळाने आलेल्या सुमारे ५००० कलाकृतींपैकी निम्म्याहून अधिक परत पाठवल्या. सलोंमध्ये चित्र लागले नाही, तर गिऱ्हाईक आणि सरकारी काम दोन्ही मिळणे अवघड, त्यामुळे चित्रकारांनी एवढी ओरड केली की अखेर नाकारलेल्या कृती त्याच इमारतीत वेगळ्या मांडाव्यात आणि निवाडा लोकांनीच करावा, असे सम्राटाने ठरवले. लोक आले खरे, पण पुष्कळसे हसायलाच आले. त्यांना सर्वाधिक खाद्य पुरवले ते एदुआर मानेच्या ‘गवतावरील भोजना’ने.

दोन्ही चित्रांत विवस्त्र स्त्री आहे; नग्नतेचे वावडे दोन्हीकडे सारखे असते, तर काबानेलची गोष्टही अवघड झाली असती. उलट माझ्या मते दोहोंत अधिक लाडिक, अधिक चाळवणारी आहे ती व्हीनसच. पण ती देवता होती आणि वर पंखवाली बाळे उडत होती, एवढी सबब सभ्य गृहस्थाला पुरेशी होती. माने ती सबब देत नाही. त्याची विवस्त्र स्त्री कोट घातलेल्या दोन समकालीन पुरुषांशेजारी बसून थेट आपल्याकडे पाहते. तिचे उतरवलेले कपडे आणि कलंडलेली फळांची टोपली डाव्या कोपऱ्यात पडली आहे. शिवाय हा सहलीचा प्रसंग त्याने २०८ बाय २६४ सेंटिमीटरच्या कॅनव्हासवर रंगवला. फ्रान्सच्या अधिकृत कला अकादमीच्या उतरंडीत एवढा आकार पुराण-इतिहासातील प्रसंगांचा हक्क मानला जाई, आणि काबानेलची देवता मात्र १३० बाय २२५ मध्ये मावली होती. गंमत म्हणजे या तिघांची बैठक मानेने प्रबोधनकाळातील इटालियन चित्रकार राफाएलच्या रचनेवरून कोरलेल्या एका जुन्या मुद्राचित्रातून उचलली होती. परंपरा त्याला परीक्षकांइतकीच पाठ होती.

मानेला बंडखोर ठरवून मोकळे होणे मला म्हणूनच पटत नाही. दृक्‌प्रत्ययवाद्यांच्या, म्हणजे मोने, रेन्वार यांच्यासारख्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या, स्वतंत्र प्रदर्शनांत त्याने कधीच भाग घेतला नाही. चित्रे तो सलोंकडेच पाठवत राहिला. १८८१ मध्ये, मृत्यूच्या दोन वर्षे आधी, एका सिंहाच्या शिकाऱ्याच्या व्यक्तिचित्रासाठी सलोंने त्याला दुसऱ्या श्रेणीचे पदक दिले. त्या पदकामुळे पुढची चित्रे परीक्षकांसमोर न ठेवता लावण्याचा हक्क त्याला मिळाला.