शर्टावरचा ४७ नंबर: डी-लीगच्या निवड चाचणीचा माझा अनुभव

२०१३च्या फेब्रुवारीत ह्यूस्टनला एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या बास्केटबॉल लीगचा, ऑल-स्टार वीकेंड होता; त्यात निवडक खेळाडूंचे सामने होतात. मुख्य सामन्याचं तिकीट विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारं नव्हतं. म्हणून शनिवारी कन्व्हेन्शन सेंटरमध्ये डी-लीगचा ऑल-स्टार सामना बघायला गेलो. डी-लीग म्हणजे एनबीएच्या खालची लीग, आताची जी-लीग. तेव्हा तिथे पगाराच्या तीनच पायऱ्या होत्या: हंगामाला १३,०००, १९,००० आणि २५,५०० डॉलर. लीगमधली निवडक मुलं त्या पगारावर जीव तोडून खेळत होती, कारण एनबीएच्या एखाद्या संघाकडून दहा दिवसांचा करार मिळाला तरी आयुष्य बदलतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

नागपुरात सिमेंटच्या कोर्टवर मी लहानाचा मोठा झालो, विद्यापीठाकडून पॉइंट गार्ड म्हणून, म्हणजे पास देऊन खेळ चालवणारा म्हणून, खेळलो. या लीगचे संघ हंगामाआधी खुली निवड चाचणी घेतात, असं कळल्यावर मी नाव घालायचं ठरवलं. निवड झाली असती तरी विद्यार्थी व्हिसावर पगार घेता आला नसता, हे माहीत होतं. तरीही आपला खेळ नेमका कुठे बसतो, हे मला एकदा बघायचंच होतं.

अर्ज ऑनलाइन, फी आगाऊ. सकाळी दारातच ‘दुखापत झाली तर जबाबदारी माझी’ अशा कागदावर सही घेतली आणि शर्टाला नंबर लावला: ४७. त्यानंतर दिवसभर मला कुणी नावाने हाक मारली नाही.

सुरुवातीला धावणं, ले-अप (बास्केटजवळ धावत जाऊन टाकायचा शॉट), तिघांनी पास देत पळायचा सराव. ते निभावलं. खरी परीक्षा पाच-पाचच्या सामन्यात झाली. एकेका गटाला जेमतेम काही मिनिटं मिळतात आणि कडेला कोच पुठ्ठ्यावरच्या कागदावर खुणा करत असतात. सगळे शूट करायला धावतात, पास कुणी देत नाही. मी पास देत राहिलो, आणि ते योग्यच होतं असं मला आजही वाटतं. चुकलो ते डिफेन्समध्ये. माझ्या जोडीदाराची वाट अडवायला प्रतिस्पर्धी डावीकडून येताना (याला स्क्रीन म्हणतात) मला दिसला आणि मी जिवाच्या आकांताने ओरडलो, ‘डावीकडे, डावीकडे!’ मराठीत. जोडीदार त्या स्क्रीनवर आदळला, समोरच्याने मोकळा तीन गुणांचा शॉट घातला. कोचची पेन्सिल हललेली मी पाहिली.

माझ्याशेजारी एकतीस वर्षांचा एक खेळाडू बसला होता. रात्रभर गाडी चालवून आलेला, बोटांना पांढरी टेप. मला पाणी देत तो म्हणाला, ‘बोलत राहा, आवाज चांगला आहे तुझा.’

संध्याकाळी नंबर वाचले. ४७ आला नाही, त्याचाही नाही. त्याने टेप सोडवून बॅगेत ठेवली आणि पुढची चाचणी कुठे आहे ते फोनवर शोधू लागला.

त्याच वर्षी ऑस्टिनच्या डी-लीग संघाच्या चाचणीला ह्यूस्टनच्याच जोनाथन सिमन्सने दीडशे डॉलर भरले होते. २०१५च्या जुलैमध्ये एनबीएच्या सॅन अँटोनियो स्पर्स संघाने त्याच्याशी करार केला. बातमी वाचली त्या दिवशी मी कपाटातून ४७ नंबरचा कागद काढला. टाचणीची भोकं अजून तशीच होती.