चौथ्या अभंगाशी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

"वहिनी, एवढं सगळं होऊनसुद्धा तुम्हाला हरिपाठ म्हणवतो कसा?" औषधाचे पैसे देता देता काउंटरवर हा प्रश्न येतो. कुणी काळजीनं विचारतं, कुणी उत्तर आधीच ठरवून. औषध कंपन्यांचे एमआर विचारतात, माझा सख्खा भाऊ विचारतो. आणि गल्लीतल्या मावशी उलट्या बाजूनं विचारतात, "इतक्या नेमानं म्हणतेस, मग माळ का घालत नाहीस?" इतकी वर्षं दोघांनाही मी "बघू" म्हणत आले. त्या "बघू"चे ज्यानं त्यानं आपल्या सोयीचे अर्थ लावले, आणि ते फिरून माझ्याच कानावर आले. म्हणून एकदा नीट सांगते.

आमचं घर सासवडकरांना माहीत आहे, ते सगळं पुन्हा उगाळत नाही. हे लाइनमन, माळकरी. मी डी.फार्म., मेडिकल माझ्या नावावर. एप्रिल २०२१ मध्ये हे गेले. त्याबद्दल एवढं पुरे.

मुळात देवाचं करणारी मी नव्हतेच. दिवाबत्ती, चतुर्थी, गौरी-गणपती, चार घरांत होतं तेवढंच. वारी त्यांची. वर्षभर रजा साठवून हे अठरा-वीस दिवस चालायला जायचे आणि दरवर्षी ज्येष्ठात आमचं भांडण व्हायचं. ज्येष्ठ वद्य एकादशीला माउलींची पालखी पुण्याहून दिवेघाट चढून आमच्या गावात येते. वारीतली ही सगळ्यात लांब मजल, त्यात उपवास. रात्री दुकानापुढे रांग लागते. तळपायाचे फोड, पोटऱ्यांत गोळे, उलट्या, कुणाची साखर उतरलेली. मी एक-दीडपर्यंत उभी असायची आणि हे घरापासून हाकेच्या अंतरावर दिंडीच्या तंबूत. पालखीचे दोन्ही मुक्काम गावातच, पण घरी टेकायलासुद्धा यायचे नाहीत. दिंडीत असताना घर नसतं म्हणायचे. एका वर्षी मी तंबूच्या तोंडाशी जाऊन चारचौघांत म्हटलं, "पोरीची फी विठोबा भरणार आहे का?" हे काही बोलले नाहीत. धोतराची घडी घालत राहिले.

त्या वेळच्या माझ्याशी मी आजही भांडते, पण तिचं सगळंच चूक होतं असं म्हणवत नाही. फी मीच भरली होती. रात्री दीडला शटर मीच ओढलं होतं. हे गेल्यावर त्या बाईला देवाघरची गुन्हेगार ठरवून मोकळं व्हायचा सल्ला मला बऱ्याच जणींनी दिला. तो मी घेतलेला नाही.

आता भावाचा मुद्दा. तो म्हणतो, "ताई, तू औषधं विकतेस. ज्याचा गुण येत नाही ते औषध तू बदलून देशील. मग हे का बदलत नाहीस?" त्याला मी बरीच वर्षं एक उत्तर देत होते. त्या एप्रिलमध्ये आपण सगळे कोरोनावरच्या रेमडेसिवीर इंजेक्शनसाठी धावत होतो. दुकानांतून विक्री थांबून ते थेट रुग्णालयांकडे जाऊ लागलं होतं, आणि मी, स्वतः मेडिकलवाली, ओळखीच्या एकेका होलसेलरला फोन करून रडत होते. जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितलं होतं की दाखल रुग्णांना ते देण्याची शिफारस आम्ही करत नाही. मी ते वाचलेलं होतं. तरी धावले. मग मी भावाला म्हणायची, "त्या धावण्याबद्दल मला कुणी विचारत नाही, संध्याकाळच्या वीस मिनिटांबद्दल मात्र सगळे विचारतात."

पण हे उत्तर लंगडं आहे, आणि ते भावानं नाही, माझ्या मुलीनं दाखवलं. ती म्हणाली, "आई, इंजेक्शन तपासलं गेलं म्हणून तरी मत बदललं. तू काय तपासलंस?" काहीच नाही. ते उत्तर मी आता देत नाही.

दुसरं उत्तर माझ्याकडे नाही. जे घडलं ते तेवढं आहे.

पुण्यातल्या एका रुग्णालयात हे नवव्या दिवशी होते. आत कुणाला सोडत नव्हते. रात्री साडेनऊला एका सिस्टरनी व्हिडिओ कॉल लावून दिला. "पाच मिनिटं बोला ताई, बोलायला लावू नका त्यांना." घट्ट मास्क, पट्ट्यांनी गालावर वळ उठलेले, मशीनचा आवाज. गळ्यात माळ होती, पट्टीच्या खाली सरकलेली. ती मी पाहिली. काय बोलावं सुचेना. मुलगी शेजारी बसून नुसती हात हलवत होती. मग ह्यांनी उजव्या हाताची दोन बोटं उचलून चादरीवर टेकवली, परत उचलली, परत टेकवली. त्या ठेक्यात संध्याकाळी घरात टाळ वाजायचा. मला कळलं काय हवंय.

मी सुरू केलं. "देवाचिये द्वारी उभा क्षणभरी." हे कुणाला येत नाही! "हरि मुखे म्हणा" आलं की त्यांची बोटं जोरात पडत होती. दुसरा अभंग झाला. तिसरा मी अर्धा पुटपुटत रेटला. मग चौथा. "भावेवीण भक्ति भक्तीवीण मुक्ति, बळेवीण शक्ति बोलू नये."

आणि पुढचं आलं नाही.

सोळा वर्षं स्वयंपाकघरात भाकरी थापताना तो हरिपाठ माझ्या कानावर पडत होता. बाहेर हे म्हणत असायचे, आत मी उद्याच्या ऑर्डरचा हिशेब मनात मांडत असायची. ऐकला होता, म्हटला कधी नव्हता. मी तीच ओळ पुन्हा म्हटली. बोटं थांबली नव्हती, ठेका धरून पुढच्या ओळीची वाट बघत होती. तिसऱ्यांदा तीच ओळ म्हटली. मुलगी दुसऱ्या फोनवर शोधत होती, रेंज जात होती. सिस्टर म्हणाल्या, "ताई, ठेवते आता, पलीकडे जायचंय." त्यांची काही चूक नव्हती, त्यांनी पाचाची आठ मिनिटं दिली होती. पडदा काळा झाला तेव्हा ह्यांची बोटं वर उचललेली होती.

मग मुलीच्या फोनवर पान उघडलं. तिनं ते तसंच मोठ्यानं वाचलं. "कैसेनि दैवत प्रसन्न त्वरित, उगा राहे निवांत शिणसी वाया."

पहाटे साडेचारला फोन आला.

ही हकिगत मी दोन-तीन जणांनाच सांगितली होती. त्यातल्या एका महाराजांनी लगेच अर्थ काढून दिला. देवानंच तुम्हाला त्या ओळीपाशी थांबवलं, उगं राहा म्हणून सांगितलं, किती मोठी खूण आहे बघा. नाही. मी थांबवली गेले नाही. मला येत नव्हतं. माझ्या न येण्याला देवाची लीला म्हणू नका, एवढंच माझं हात जोडून सांगणं आहे.

अंत्यसंस्कार महापालिकेच्या माणसांनी केले. आम्ही दोघी लांब उभ्या होतो. त्यांचं सामान एका प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळालं. चष्मा, फोन, चार्जर, टॉवेल, आणि गाठ मारलेल्या छोट्या पारदर्शक पिशवीत माळ. मी दिवसभर कात्रीनं गोळ्यांच्या पट्ट्या कापून देते. तुटलेलं कसं दिसतं आणि कापलेलं कसं दिसतं हे मला सांगावं लागत नाही. दोऱ्याचे धागे सुटलेले नव्हते, टोक एकसारखं होतं. रात्री व्हेंटिलेटरवर घेताना गळा मोकळा करायला कापली असणार. करावंच लागतं, त्यांच्या जागी मीही कापली असती. हे सगळं समजत असूनही वर्षभर मी त्या न पाहिलेल्या हातावर रागावून होते. तो राग कुठे गेला ते सांगता येणार नाही. एक दिवस लक्षात आलं की तो नाही.

माळकऱ्याची माळ त्याच्याबरोबर जाते. ती राहिली. म्हणून ती माझ्याकडे आहे.

पहिल्या वर्षश्राद्धाला घरी प्रवचन ठेवलं होतं. बुवांनी तुकोबांचं उदाहरण घेतलं. दुष्काळात पहिली बायको अन्न अन्न करत गेली, आणि तेच तुकोबा म्हणाले, "बाईल मेली मुक्त जाली, देवें माया सोडविली." मी उठून आत गेले. लोकांना वाटलं रडायला गेले. मला संताप आला होता. तुकोबांनी ते स्वतःच्या माणसाबद्दल, स्वतःच्या तोंडानं म्हटलं. तो अधिकार त्यांचा. दुसऱ्या कुणी माझ्या घरात बसून माझ्या वतीनं ते म्हणायचं नाही. पण त्याच संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी हरिपाठ म्हटला, हेही खरं आहे. भाऊ दारात उभा राहून बघत होता.

तोवर मला तो पाठ झाला होता. सत्तावीस अभंग मी काउंटरवर पाठ केले, बिलबुकाच्या मागच्या पानांवर लिहून काढत. आता रोज सातच्या सुमारास म्हणते, दुकानातच. मध्ये गिऱ्हाईक आलं की थांबते, प्रिस्क्रिप्शन बघते, पट्टी कापते, सुटे देते, आणि सोडलेल्या ओळीपासून पुढे धरते. दिंडीतल्या एका आजोबांना हे पटत नाही. म्हणाले, "पोरी, असा तुकड्या-तुकड्यानं नेम होत नाही. आणि खरं सांगू, तू हे देवासाठी म्हणत नाहीस. त्याच्यासाठी म्हणतेस."

असेल. मी त्यांना नाही म्हटलं नाही. पण जून २०२२ मध्ये, दोन वर्षांच्या खंडानंतर वारी पायी आली तेव्हा, दुकानापुढच्या रांगेतल्या एका बाईच्या पायाला मलम लावताना मी हरिपाठ म्हणत होते. मला ते कळलंही नव्हतं. ती बाई खालून म्हणायला लागली, मग मागचे दोघं. त्या पाच-सात मिनिटांत हे मला आठवले नाहीत. मग ते कुणासाठी होतं? हा प्रश्न मी आजोबांना विचारला नाही. उत्तर काय मिळेल ते माहीत होतं, आणि ते मला घाईचं वाटलं असतं.

माळ घालणं म्हणजे शब्द देणं. तो कुणाला देतेय हे मला अजून स्वच्छ दिसत नाही, म्हणून घालत नाही. मावशींनी यात अश्रद्धा शोधू नये आणि भावानं शहाणपण शोधू नये.

चौथा अभंग आला की मी आजही जरा हळू होते. "बोलू नये" म्हणून झालं की पुढची ओळ येईल ना, अशी धाकधूक होते. येते. रोज येते.

ती कापलेली माळ काउंटरखालच्या खणात आहे, त्याच पिशवीत. यंदा आषाढीला चंद्रभागेत सोडून ये, असं आजोबा म्हणतात. मुलगी म्हणते, नवा दोरा घालून देवघरात ठेव. पिशवीची गाठ मी अजून सोडलेली नाही.