करड्या वाळूवरची तपकिरी माती

घग्गरच्या कोरड्या पात्रात, राजस्थानातल्या हडप्पाकालीन कालीबंगनच्या परिसरात, आम्ही गाळाचे नमुने घेत होतो. खड्ड्याच्या बाजू पायऱ्यापायऱ्यांनी कापल्या होत्या, कारण तळाची वाळू सुटी असते आणि सरळ भिंत ठेवली तर ती ढासळून अंगावर येते. वर तपकिरी, चिकट गाळमाती. तिच्याखाली एकदम करडी वाळू. ही वाळू चिमटीत घेतली की काळे-पांढरे कण वेगळे दिसतात, अभ्रकाच्या चकत्या बोटांना चिकटून चमकतात. असा माल हिमालयातून येणारी मोठी नदीच आणून टाकते. वरची माती संथ, पावसाळी पाण्याने पसरवलेली. मोठी नदी हा मार्ग सोडून गेली ती या दोन थरांमधल्या रेषेच्या काळात, आणि वय ठरवायचं होतं ते या रेषेचं.

वाळूच्या कणांनी शेवटचा सूर्यप्रकाश कधी पाहिला, ते ल्युमिनेसन्स पद्धतीने मोजतात. गाडलेल्या कणांत भोवतीच्या गाळातल्या किरणांची मात्रा साठत जाते, आणि उजेड लागला की ती पुसली जाते. त्यासाठी छेद आधी दहा-पंधरा सेंटीमीटर आत खरवडून ताजा करायचा, मग 5 सेंटीमीटर व्यासाची पोलादी नळी आडवी ठोकायची. नळीच्या तोंडाशी आत काळ्या कापडाचा बोळा ठेवतात, म्हणजे ठोकताना वाळू हलून मिसळत नाही. बाहेर काढताच दोन्ही तोंडं फॉइल आणि काळ्या चिकटपट्टीने बंद. टोकांकडची वाळू वयासाठी वापरत नाहीत, तिला उजेड लागलेला असतो.

पहिली नळी रेषेच्या थोडी खाली ठोकली आणि भोवतीच्या भिंतीवर पाण्याचा फवारा मारला. कोरड्या छेदात न दिसलेला एक तपकिरी गोल डाग ओल्या वाळूत उठून दिसला. उंदराचं बीळ, वरच्या मातीने भरलेलं. नळी त्याच्या काठातून गेली होती. तो नमुना तिथल्या तिथे बाद केला. फवारा आधी मारायचा असतो, तो नंतर मारला गेला.

एवढ्याशा डागाने काय बिघडतं? वरच्या मातीतले उशिराचे कण वाळूत मिसळले की सरासरी वय कमी येतं, आणि हडप्पाकाळात इथे मोठी नदी वाहत होती असा निष्कर्ष निघतो. उलटी चूकही होते: गढूळ पुरात कणांना पुरेसं ऊन मिळत नाही, मग वय जास्त येतं. म्हणून प्रयोगशाळेत लाल उजेडात एकेक कण स्वतंत्र मोजतात. वयांचे दोन गठ्ठे पडले तर गफलत कळते.

रेषेला लागूनही नळी ठोकत नाहीत. गॅमा किरण गाळातून साधारण 30 सेंटीमीटरवरून येतात, म्हणजे दोन्ही थरांचं युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम एकाच नमुन्याला मात्रा देतं आणि हिशोब फसतो. ओलाव्यासाठी वेगळी घट्ट डबी भरायची. पाणी किरणं शोषतं. ओलाव्याच्या अंदाजात एक टक्का चूक झाली तर वयातही जवळपास तेवढीच होते.

एवढी काळजी का, ते 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट होतं. इथल्याच गाळातून दिसलं, की सतलज सुमारे 15,000 वर्षांपूर्वीनंतर हा मार्ग सोडू लागली आणि सुमारे 8,000 वर्षांपूर्वीनंतर लवकरच पूर्ण निघून गेली. कालीबंगनचं नगर त्याच्या कितीतरी नंतरचं, सुमारे 4,600 वर्षांपूर्वीचं. नदी आटली म्हणून नगर ओस पडलं, ही रूढ गोष्ट इथे लागू पडत नाही. मोठी नदी गेल्यावर उरलेल्या सखल खोऱ्यात लोक आले: महापुराचा, पात्र सरकण्याचा धोका नाही, सुपीक गाळ आणि पावसाळी पाणी आहे. नगराच्याही आधीच्या वस्तीचं नांगरलेलं शेत कालीबंगनला सापडलं आहे. एका दिशेने नांगराच्या सऱ्या 30 सेंटीमीटरवर, आडव्या 1.90 मीटरवर. दोन पिकं एकत्र घेण्याची ही आखणी त्याच भागात आजही चालते. मला या साऱ्या पुराव्यात ते शेत सर्वांत बोलकं वाटतं. बर्फाचं पाणी नसलेलं हे खोरं पावसावरच अवलंबून होतं, आणि सुमारे 4,200 वर्षांपूर्वी मान्सून क्षीण झाल्याचा ताण अशा प्रवाहाला सोसणं कठीण. पुढे वस्त्यांची संख्या ईशान्येकडे, जास्त पावसाच्या भागात वाढलेली दिसते.

दुसरी नळी बिळापासून दूर, रेषेच्या 40 सेंटीमीटर खाली ठोकली. तिसरी तेवढ्याच अंतरावर वर, तपकिरी मातीत. वाळू सांगते नदी अजून वाहत होती तो काळ, माती सांगते ती गेलेली होती तो काळ. एकाच्याच भरवशावर रेषेचं वय बांधता येत नाही.