तुम्ही विचारलंत म्हणून: मेडिकल पॉडकास्ट कुठला ऐकू, आणि ऐकलेलं किती धरू?

हा प्रश्न दोन प्रकारची माणसं विचारतात. एक म्हणजे ड्युटी संपवून निघालेले निवासी डॉक्टर. दुसरे, बीपीची गोळी चालू असलेले आणि सकाळच्या फेरीत कानाला इअरफोन लावणारे काका. प्रश्नाचा पहिला भाग सोपा आहे, तो आधी उरकतो.

मेडिसिनच्या निवासींनी 'द करबसायडर्स' ऐकावा. त्यात फिजिशियन मंडळी एखाद्या तज्ज्ञाला ओपीडीतले रोजचे प्रश्न विचारतात. कॅज्युअल्टी आणि आयसीयूवाल्यांसाठी २००९ पासून चालू असलेला 'ईएमक्रिट' आहे. मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो २०१२ साली सुरू झालेला 'स्केप्टिक्स गाइड टू इमर्जन्सी मेडिसिन', कारण तिथे एका भागात एकच संशोधन घेऊन ठरलेल्या प्रश्नावलीने त्याची चिरफाड करतात. काकांना इंग्रजी जमत असेल आणि विषाणूंचं कुतूहल असेल, तर २००८ पासूनचा 'धिस वीक इन व्हायरॉलॉजी' आहे. लांबण खूप लावतात, पण माणसं विषयातली आहेत.

खरी मेख दुसऱ्या भागात आहे. माझं मत असं: एखादं संशोधन झालंय हे कळायला आणि जाणकार माणूस विचार कसा करतो हे शिकायला कान पुरतात. आकडा आणि डोस मात्र डोळ्यांनी वाचल्याशिवाय धरू नये.

आकड्याचं उदाहरण घ्या. रक्तदाबावरचा 'स्प्रिंट' हा अमेरिकेतला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ९,३६१ माणसं होती. अर्ध्यांचा वरचा दाब १२०च्या खाली आणायचा, अर्ध्यांचा १४०च्या खाली. पॉडकास्टवर तुम्हाला ऐकू येतं ते एवढंच, की १२० वाल्यांमध्ये हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे २५ टक्क्यांनी कमी झाले. खोटं नाही ते. पण मूळ आकडे वर्षाला २.१९ टक्के विरुद्ध १.६५ टक्के असे आहेत. म्हणजे शंभर माणसांमागे वर्षाला साधारण अर्ध्या माणसाचा फरक. सव्वातीन वर्षं ६१ जणांवर कडक उपचार केले तेव्हा एकाची अशी घटना टळली. त्यासाठी सरासरी एक गोळी जास्त लागली, शिवाय भोवळ येऊन शुद्ध हरपणं, दाब फार उतरणं, सोडियम घसरणं आणि किडनीला अचानक इजा होणं हे प्रकार वाढले. फायदा खराच आहे. पण '२५ टक्के' ऐकून मनात उभं राहतं तेवढं त्याचं माप नाही.

दोन गोष्टी तर ऐकताना हमखास निसटतात. एक, या अभ्यासात मधुमेही आणि आधी स्ट्रोक झालेले लोक घेतलेच नव्हते. आपल्याकडे बीपीच्या ओपीडीतून मधुमेही वगळले तर किती खुर्च्या रिकाम्या होतील बघा! दुसरी, दाब मोजायची पद्धत. पाच मिनिटं शांत बसवून, आपोआप चालणाऱ्या यंत्रावर तीन वेळा मोजून सरासरी काढायची. बऱ्याच केंद्रांवर तर खोलीत कर्मचारीही नसे. असा मोजलेला १२० आणि रांगेतून उठून आलेल्या, बाह्या न सावरता बसलेल्या माणसाचा १२० एकच नव्हे. गर्दीच्या ओपीडीतल्या आकड्यावर तेच लक्ष्य लावलं, तर गोळ्या गरजेपेक्षा जास्त चढतात आणि म्हातारं माणूस बाथरूममध्ये पडतं.

आता डोस. विंचूदंश घ्या, कारण इथे ऐकलेलं शब्दशः उचललं तर दोन ठिकाणी घात होतो. अमेरिकी पॉडकास्टच्या भागात बोलतात ते ॲरिझोनाकडच्या बार्क स्कॉर्पियनबद्दल. त्याने डोळे गरगरतात, स्नायू उडतात. कोकणातला लाल विंचू हृदयावर घाला घालतो: घाम, उलट्या, हातपाय गार, मग दाब चढणं आणि फुप्फुसात पाणी. यावर महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध वापरून दाखवलं आणि ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. मुलांमध्ये डोस किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. म्हणजे १० किलोच्या मुलाला ३०० मायक्रोग्रॅम, ०.३ मिलिग्रॅम. गाडीच्या आवाजात, दीडपट वेगाने ऐकताना मायक्रो आणि मिलि यांत गल्लत झाली तर चूक हजारपटीची. गोळी साधी हवी, हळूहळू सुटणारी चालत नाही, आणि दिल्यावर मुलाला आडवंच ठेवायचं, नाहीतर दाब कोसळतो. हे सगळं वॉर्डातल्या लेखी प्रोटोकॉलवरून घ्यायचं. पॉडकास्ट ऐकून फक्त ते प्रोटोकॉल उघडायची आठवण व्हावी.

औषधांची नावं आणि एककं हा आणखी एक घोळ. अमेरिकेतलं ॲसिटॅमिनोफेन म्हणजे आपलं पॅरासिटामॉल, अल्ब्युटेरॉल म्हणजे साल्ब्युटामॉल. ब्रिटिश किंवा ऑस्ट्रेलियन माणूस 'उपाशीपोटी शुगर ७' म्हणाला तर १८ ने गुणा: १२६ आली, म्हणजे मधुमेहाच्या निदानाची रेषा. त्यांचं एचबीएवनसी (तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ४८ म्हणजे आपलं ६.५ टक्के. आणि तापाच्या केसवर तिकडची मंडळी तासभर चर्चा करतील आणि डेंग्यू, लेप्टो, स्क्रब टायफसचं नावही निघणार नाही. पावसाळ्यात आपली यादी वेगळीच असते.

भाग कधीचा आहे तेही बघा. २०२० च्या मार्च-एप्रिलमधले, कोविडवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन द्यावं का यावरचे भाग आजही शोधात वर येतात. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीने रुग्णालयात दाखल कोविड रुग्णांना त्याचा फायदा नसल्याचं दाखवलं. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने मृत्यू कमी होतात हेही त्याच चाचणीतून कळलं, पण ऑक्सिजन लागणाऱ्यांमध्येच. न लागणाऱ्यांना उपयोग दिसला नाही. बातमीत हे दुसरं वाक्य राहून गेलं, आणि घरी बसलेल्या सौम्य रुग्णांनाही स्टेरॉइड लिहून दिली गेली.

निवासींनी भाग संपल्यावर शो नोट्समधून (भागासोबत दिलेल्या टिपांमधून) मूळ पेपर उघडावा आणि तीनच जागा बघाव्यात: कोणाला घेतलं, कोणाला वगळलं, आणि दोन्ही गटांचे कच्चे आकडे. दहा मिनिटांचं काम आहे. काकांनी भागाचं नाव आणि तारीख लिहून पुढच्या तपासणीला न्यावी आणि विचारावं, 'माझ्यासारखी माणसं यात होती का?' डॉक्टर वैतागले तरी विचारावं.