२९ तारखेचा शिक्का

२०२४ चा जुलै आठवला की आधी आठवतो तो सीडीसीच्या, म्हणजे खलाशाच्या बोटीवरच्या नोकरीची नोंद असलेल्या पुस्तिकेच्या, एका पानाचा व्हॉट्सॲपवर आलेला अंधुक फोटो. दापोली-गुहागरकडच्या, परदेशी कंपन्यांच्या बोटींवर जाणाऱ्या मुलांची रिटर्नं मी भरतो. हे सगळे कंत्राटी. सहा महिने बोटीवर, मग पुढचं कंत्राट मिळेपर्यंत घरी, आणि घरी असताना पगार नाही. त्यांच्या टॅक्सचा सगळा खेळ भारतात किती दिवस राहिले यावर. आर्थिक वर्षात १८२ दिवस भरले की माणूस रहिवासी, आणि डॉलरमधला पगारही करपात्र. १८१ पर्यंत अनिवासी. मग समुद्रावरचा पगार इथल्या एनआरई (अनिवासींच्या बँक) खात्यात जमा झाला म्हणून करपात्र होत नाही, हे आयकर खात्याच्या २०१७ च्या १३ क्रमांकाच्या परिपत्रकात स्पष्ट आहे.

बोटीवर '१८४ दिवस बाहेर' हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. ३६५ मधून १८४ गेले, राहिले १८१. पण २०२३-२४ मध्ये २९ फेब्रुवारी होती. वर्ष ३६६ दिवसांचं, म्हणजे १८५ दिवस बाहेर हवेत. किती जणांना हे कुणी सांगितलंच नव्हतं!

हर्णैकडच्या एका सेकंड ऑफिसरचा पासपोर्ट तपासला. इमिग्रेशनचा शिक्का ३० सप्टेंबर २०२३ चा, ३१ मार्चला तो बोटीवरच. ३० सप्टेंबर धरून बरोबर १८४ दिवस. पगार सुमारे १६ लाख. रहिवासी ठरला तर त्या वर्षीच्या नव्या करप्रणालीत ५० हजारांची वजावट धरूनही सेससह १,७१,६०० रुपये टॅक्स. एका दिवसापायी.

अशा वेळी आयकर नियमांतला नियम १२६ कामाला आला. भारतातून परदेशी निघालेल्या बोटीवरच्या भारतीय खलाशाचे किंवा अधिकाऱ्याचे दिवस सीडीसीतल्या साइन ऑनच्या (बोटीवर रुजू झाल्याच्या) तारखेपासून साइन ऑफच्या (बोट सोडल्याच्या) तारखेपर्यंत भारतातल्या दिवसांतून वगळायचे, विमानतळाच्या किंवा बंदराच्या शिक्क्यावरून नाही. हा ऑफिसर न्हावा-शेवाला चढला होता आणि बोट तिथून थेट दुबईच्या जेबेल अलीला गेली होती. तीच आधी मुंद्र्याला माल घ्यायला गेली असती, तर तेवढा टप्पा देशातल्या देशात झाला असता आणि वाद उभा राहिला असता.

पण जुलैत तो पुन्हा बोटीवर आणि सीडीसी कॅप्टनच्या ताब्यात. फोटो आला तो असा, की दिवसाचा दुसरा आकडा शाईत फुटलेला. २९ म्हणा नाहीतर २८. कंपनीच्या सी सर्व्हिस लेटरवर (बोटीवरच्या नोकरीच्या दाखल्यावर) तर चक्क ३० सप्टेंबर लिहिलेला. बोटीवर माणसं पाठवणाऱ्या मॅनिंग ऑफिसला तीन मेल केले, उत्तर नाही. त्यांच्या लेखी ती एक तारीख, इकडे एका घराचे पावणेदोन लाख.

शेवटी सप्टेंबरची वेज स्लिप मागवली. तिच्यात २ दिवसांचा पगार होता. २९ आणि ३०. आर्टिकल्सवर (बोटीवरच्या करारावर) सही केल्याच्या नोंदीतही २९ च. ही दोन्ही कागदपत्रं जोडून चौथा मेल केला, तेव्हा दुरुस्त पत्र आलं. २९ सप्टेंबर ते ३१ मार्च, दोन्ही दिवस धरून १८५. भारतात १८१.

रिटर्न आयटीआर-२ या फॉर्ममध्ये भरलं. अनिवासीला आयटीआर-१ चालत नाही, तरी काही एजंट तेच भरून मोकळे होतात आणि नोटीस येते ती पोराच्या घरी, तो समुद्रावर असताना. हे मला अजिबात पटत नाही.

मग ई-व्हेरिफिकेशन, म्हणजे भरलेलं रिटर्न ऑनलाइन पक्कं करणं. ते ३० दिवसांत झालं नाही, तर ज्या दिवशी होईल तोच भरल्याचा दिवस धरतात. आधारचा ओटीपी ज्या सिमवर येतो ते त्याच्या आईच्या साध्या फोनमध्ये, आणि वाडीत पावसाळ्यात रेंज नाही. ओटीपी १५ मिनिटं चालतो. ३१ जुलैला संध्याकाळी त्या छत्री घेऊन सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, गेल्या आणि तिथून फोन लावला. "आता पाठवा भाऊ, दोन काड्या दिसतायत." पहिला आला तो वाऱ्यात ऐकूच आला नाही. दुसरा त्यांनी एकेक आकडा तीनदा सांगितला.

दुरुस्त पत्र, वेज स्लिप आणि तो फुटलेल्या शाईचा फोटो एकाच फाइलीत ठेवलाय. अधिकारी पासपोर्टवरच अडून बसला तर काय, हा विचार अजून डोक्यातून जात नाही. पुढची २९ फेब्रुवारी २०२७-२८ मध्ये आहे. त्या वर्षी सप्टेंबरात चढणाऱ्या प्रत्येकाला निघण्याआधीच सांगणार आहे, १८५.